अर्ध्या सेकंदाची घाई

माझे हात महाराष्ट्रभर फिरतात. गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत, जिथं कुठं एखादी शिकाऊ मुलगी अर्धांगवायू झालेल्या माणसाला शर्टाचं बटण लावायला शिकवत असते, तिथं तिच्या हातमोज्यात माझे हात असतात. मी स्वतः मात्र कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर पोरांवर ओरडत बसलेली असते. सहा वर्षं मी हे भेटेल त्याला ऐकवत आले. लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेतसुद्धा. आता ऐकवत नाही. का, ते सांगते.

मी शैलजा हुपरीकर. वय छप्पन्न, व्यवसायोपचार तज्ज्ञ. हे पद ऐकलं की लोक लगेच विचारतात, आमच्या पोराला कुठं चिकटवता का? अहो, नोकरीशी आमचा संबंध नाही. माणूस सकाळी उठल्यापासून जे जे करतो तो त्याचा व्यवसाय. दात घासणं, साडी नेसणं, लेकीची वेणी घालणं, चौकात जाऊन चहा पिणं. आजारानं किंवा अपघातानं यातलं जे गेलं ते परत मिळवून द्यायचं, हे आमचं काम. फिजिओथेरपीवाले पेशंटचा खांदा वर नेऊन देतात. त्या खांद्यानं फळीवरचा डबा खाली कसा काढायचा, ते आमच्याकडे.

चार वर्षं वर्ग आणि पुस्तकं झाली की शिकाऊ मुलं शेवटचे आठ आठवडे माझ्याकडे येतात. त्याला आम्ही उंबरठा म्हणतो. एका शिकाऊला एक पेशंट, आणि त्याची सगळी जबाबदारी तिच्यावर. आठवा आठवडा संपताना पेशंटच्या हालचालींचा अंक शंभरपैकी सत्तरच्या वर गेला की तिला स्वतंत्र काम करायचा परवाना मिळतो. नाही गेला तर सहा महिन्यांनी पुढच्या तुकडीबरोबर परत पहिल्यापासून.

तो अंक देतो साथी. साथी म्हणजे तोच मोजा. आपल्याला हात उचलायचा असला की मेंदूकडून निरोप निघतो, मणक्यातून खाली उतरतो आणि स्नायूला पोचतो. धडधाकट माणसात हे इतकं झटकन होतं की असा काही निरोप असतो हेच आपल्या गावी नसतं. मेंदूतली एखादी रक्तवाहिनी तुंबली की हा रस्ता मधेच खचतो. निरोप निघतो, पण तुटक-तुटक पोचतो. साथीची पातळ पट्टी पेशंटच्या दंडाला आणि मनगटाला बांधतात. ती कातडीवरून हे तुटके निरोप ऐकते आणि हात हलायच्या आधीच ओळखते, की या माणसाला काय करायचंय आणि तो कुठं अडणार आहे. ती तसं शिकाऊच्या मोज्याला कळवते. मोजा तिच्या बोटांना हलका दाब देतो. इथं धर, एवढंच उचल, आता सोड.

आता कुठं धरायचं आणि किती उचलायचं हे यंत्राला कुणीतरी शिकवायला हवं ना. सात वर्षांपूर्वी पुण्याहून इंजिनिअर मुलं आली, त्यांनी राज्यातले दहा थेरपिस्ट पारखले आणि माझे हात निवडले. अंगभर तारा लावून मी तीन महिने चाळीस पेशंटबरोबर काम केलं. त्यातनं साथी शिकला. पुढच्या वर्षीपासून तो सगळीकडे वापरात आला. जी गोष्ट हातात यायला आम्हाला दहा वर्षं लागली ती पोरींना पहिल्या महिन्यात यायला लागली. मी भाव खाल्ला, चांगला भरपूर खाल्ला.

या वर्षीच्या तुकडीत शर्वी लोंढे होती. गारगोटीकडची, बारीक चणीची, कमी बोलणारी आणि मनात आलं ते करून मोकळी होणारी. गारगोटीच्या दवाखान्यात आमची जागा तीन वर्षं रिकामी पडली होती. ती शर्वीसाठी एक तारखेपर्यंत राखून ठेवली होती. तोवर परवाना हातात आला तर जागा तिची, नाहीतर ती बंद करून दुसऱ्या तालुक्याला देणार होते. तिच्या गावात लकवा झालेली सात माणसं बाजेवर पडून आहेत, हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सातही नावं सांगितली होती.

तिचा पेशंट होता आप्पा साळोखे, फेटेवाले. वय एकसष्ट. लग्नसराईत एका सकाळी दीडशे डोकी बांधणारा माणूस. दिवाळीनंतर एके दिवशी अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू लुळी पडली. पाय सुधारला, हात राहिला. फेटा बांधताना उजवा हात डोक्याभोवती फिरतो, पण प्रत्येक वेढा कपाळापाशी डाव्यानं दाबून धरावा लागतो. डावा नसला की उजव्याचं सगळं कसब वाया जातं.

शर्वीनं मोजा घालून साडेपाच आठवडे काम केलं आणि आप्पांचा अंक गेला शहात्तरवर. आमच्या खोलीत ते कप उचलत, बटण लावत, लाकडी डोक्यावर फेट्याचे चार वेढे देत. मी शर्वीला म्हटलं, "झालं तुझं. गारगोटीला पेढे घेऊन जा."

त्याच दिवशी आप्पांची बायको, सुलाबाई, दारात थांबली. "मॅडम, रागावणार नसाल तर एक बोलू? इथं ह्यांचं समदं झ्याक चालतंय. घरी काय म्हंजे काय होत न्हाई."

आप्पाच हसत म्हणाले, "मॅडम, तुमच्या खोलीत हात माझा पैलवान हाय. घरी आला की जावई हुतोय. नुसता बसून ऱ्हातोय."

मला हे वाक्य दर महिन्याला कुणी ना कुणी ऐकवतंच, आणि माझं उत्तर पाठ आहे. "सुलाबाई, तुम्ही लाड करता. त्यांनी हात पुढं करायच्या आत तुम्ही वाटी हातात देता. घरचेच पेशंटला पांगळं करतात." त्या बिचाऱ्या खाली मान घालून गेल्या. रविवारी शर्वी पट्टी नाही, मोजा नाही, अशी एकटीच मंगळवार पेठेत आप्पांच्या घरी जाऊन बसली. सोमवारी सकाळी माझ्यापुढं उभी राहिली.

"मॅडम, त्या काहीच लाड करत नाहीत. तुम्ही एकदा येऊन बघा."

"पेशंटच्या घरी जायची पद्धत आपण कधीच बंद केली आहे. फोनवर चौकशी करतो ना आपण?"

"म्हणूनच म्हणते, या."

काय आगाऊ कार्टी, असं मनात म्हणत मी गेले. दहा बाय बाराची खोली, भिंतीला लागून फेट्यांची ट्रंक, वर जरीचे, लहरियाचे, भगवे असे गुंडाळे रचलेले. सुलाबाई पदरात हात गुंडाळून लांब कोपऱ्यात बसल्या. "बघा, मी हलत सुदिक न्हाई," म्हणाल्या.

आप्पांनी उजव्या हातानं फेट्याचं टोक लाकडी डोक्यावर धरलं आणि डावा उचलायला घेतला. हात मांडीवरून वीतभर वर आला. बोटं उघडायला लागली. मग थांबला. थरथरला नाही, खाली पडला नाही, नुसता थांबला. आप्पांच्या चेहऱ्यावर कष्टाचं चिन्ह नव्हतं. एसटीच्या थांब्यावर माणूस उभा असतो तसे ते शांत होते.

"आप्पा, कशाची वाट बघताय?"

"वाट? छे. आता यील की."

"काय येईल?"

त्यांनी जरा विचार केला. "ते खालनं उचलल्यागत हुतंय नव्हं मॅडम, ते."

आणि मी बघितलं, माझा उजवा हात पुढं गेला होता. दोन बोटं त्यांच्या मनगटाखाली टेकली होती. कधी गेला, मला पत्ताच नव्हता. आप्पांचा हात लगेच सुरळीत वर गेला आणि फेट्यावर टेकला. मी वर पाहिलं तर शर्वी आप्पांच्या हाताकडे बघत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "मॅडम, मोजा नेमका तिथंच येतो. हात वीतभर वर आला की. आणि आत्ता तुम्हीही तिथंच आलात."

"म्हणजे चूक माझी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायचं काय शिल्लक ठेवलंस? तीस वर्षं झाली मला या कामात. तुझ्या वयाची होते तेव्हा..." पुढचं मी काय काय बोलले ते लिहीत नाही. रिक्षावाल्यानं आरसा वळवून मागं बघितलं, एवढं सांगते. नंतर दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओपीडी आटपल्यावर मी दार लावलं आणि सात वर्षांपूर्वीची ती चित्रणं उघडली. चाळीस पेशंट, माझे हात, आणि कोपऱ्यात सेकंदाचे आकडे. पेशंटनं हात उचलायला घेतल्यापासून मी मदत देईपर्यंत किती वेळ गेला, तेवढंच कागदावर उतरवत गेले. अर्धा सेकंद. अर्धा सेकंद. काही ठिकाणी त्याहून कमी. इनामदार बाई, माझ्या गुरू, त्यांनी हे पाहिलं असतं तर मला वर्गाबाहेर काढलं असतं.

कारण आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट मदत करणं नव्हेच. ती आहे न करणं. पेशंटचा हात निघतो, अडतो, भरकटतो, आणि आपल्याला हवं होतं एक आणि झालं भलतंच हे मेंदूला कळतं. त्या चुकलेल्या क्षणात तो नवी वाट शोधतो. खचलेल्या रस्त्याशेजारून पायवाट पडते ती त्या धडपडीनं. चार सेकंद, पाच सेकंद, कधी पंधरा. ती धडपड व्हायच्या आधीच बाहेरून आयता हात आला, तर मेंदूला शोधायची गरजच उरत नाही. तो एवढंच शिकतो, की वीतभर उचलायचं आणि थांबायचं, पुढचं कुणीतरी बघतं.

हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मी स्वतः तसंच काम करायचे. पण चित्रणाच्या वेळी माझ्या पाठीमागं सहा इंजिनिअर उभे असायचे. एकदा तर मंत्री आले होते, त्यांच्याबरोबर वीस माणसं आणि कॅमेरे. समोर एखादी म्हातारी, तिचा हात सगळ्यांदेखत लटपटतोय, तिचे डोळे भरून आलेत. मला ते बघवायचं नाही. तिला लाज वाटू नये म्हणून मी पटकन हात द्यायचे. माया होती हो ती. आणि थोडं हेही होतं, की माझ्या पेशंटला जमत नाही असं चारचौघांत दिसू नये. दोन्ही होतं.

ती घाई यंत्रानं माझ्याकडून उचलली. हालचाल पुरी झाली की अंक वाढतो, म्हणून इंजिनिअर मुलांनी दर वर्षी तिला आणखी धार लावली. आता तर साथी पेशंटचा हात अडायच्या आतच पोचतो. आणि सहा वर्षं पेशंट घरी जाऊन बसले, आणि मी त्यांच्या घरच्यांना झापत राहिले.

मी खिडकीशी उभी राहून चांगली रडले. मग तोंड धुतलं आणि शर्वीला बोलावलं. कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं तो वाचला आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर खुर्चीवर न विचारता बसली.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"दुसऱ्या आठवड्यात शंका आली. मोजा दाबतो तेव्हा माझी करंगळी बाहेर वळते. चहाचा कप धरताना तुमची वळते तशी. मग वाटलं, म्हणजे हे सगळंच तुमचं आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

नसतंच ऐकलं. मी म्हटलं, "बारा दिवस राहिलेत. मोजा काढलास तर अंक कोसळेल. सत्तरच्या खाली राहिला तर गारगोटी गेली. मोजा ठेवलास तर आजच शहात्तर आहे, पेढे वाट आणि जा. आप्पांचं पुढं मी बघेन. तुझं तू ठरव, मी एका शब्दानं बोलणार नाही."

तिनं मोजा काढून टेबलावर ठेवला. "गारगोटीला जाऊन मी हेच करणार असले तर जाऊन उपयोग काय?" म्हणाली.

पहिल्या दिवशी अंक आला अडतीस. पट्टी आप्पांच्या हातावर होती, फक्त मोजा नव्हता. शर्वीचे स्वतःचे हात कोरे निघाले. कुठं धरायचं ते तिला ठाऊक होतं, कधी धरायचं ते नव्हतं. ती घाबरून लवकर पकडायची, नाहीतर इतकी उशिरा की आप्पांचा हात टेबलावर आपटायचा. चौथ्या खेपेला आप्पा भडकले. "मॅडम, ही पोरगी मदत करंना झालीया. काय चुकलं माझं?" आणि हाताला त्यांनी दोन अस्सल कोल्हापुरी शिव्या घातल्या. शर्वी रडकुंडीला आली.

दुसऱ्या दिवशी मी कँटीनमधून चहा मागवला. काठोकाठ भरलेला कप बशीसकट शर्वीच्या दोन्ही हातांत दिला. "हा धरून बस. सांडायचा नाही, प्यायचा नाही. आप्पांना मदत करावीशी वाटली तर आधी कप नीट टेबलावर ठेव, मग हात लाव."

"एवढंच?"

"एवढंच. इनामदार बाईंनी माझ्याकडून दोन वर्षं हे करून घेतलं होतं. कप ठेवायला जो वेळ जातो तो पेशंटचा."

आमची तालीम अशी चालली. आप्पा धडपडायचे, शर्वी कप धरून बसायची, मी भिंतीला टेकून स्वतःचे हात पाठीमागं बांधून उभी असायची. आप्पांच्या कपाळावर घाम यायचा. दहा वेळा कप खाली जायला निघायचा आणि त्यातल्या सहा वेळा आप्पांचा हात आपणहून पुढं सरकायचा, मग शर्वी कप परत वर उचलायची. तिचे डोळे तेव्हा असे चमकायचे की मला तिच्या वयाचा हेवा वाटायचा. चहा रोज गार व्हायचा, मग आम्ही तिघं मिळून नवा मागवायचो.

अंक चव्वेचाळीस झाला, बावन्न झाला. नवव्या दिवशी सकाळी सुलाबाईंचा फोन आला. "मॅडम, आज ह्यांनी शर्ट आपला आपण घातला! उलटा घातला, पर घातला. मी तसंच जाऊ दिलं चौकात." फोनवर त्या हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. मी शर्वीला सांगितलं तेव्हा ती जिन्यातच बसली.

पण यंत्राला उलट्या शर्टाचं कौतुक नाही. बाराव्या दिवशी साथीनं आकडा दिला, एकसष्ट. शेवटचा. पडद्यावर शर्वीच्या नावापुढं लाल अक्षरांत आलं, अपात्र.

नियमावलीत एक जुनं कलम अजून जिवंत होतं. कुणी वापरत नव्हतं म्हणून खोडायचं राहून गेलं होतं. पर्यवेक्षकानं पेशंटच्या घरी जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली तर अंक बाजूला ठेवून परवाना देता येतो. मात्र यंत्राचा अंक का ग्राह्य धरू नये, याचं कारण लेखी द्यायचं आणि ते कारण पुढं चौकशीला जातं. मी तो अर्ज छापून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही दोघी मंगळवार पेठेत पोचलो.

"आज पुरा फेटा बांधायचा, आप्पा," शर्वी म्हणाली. "शेवटपर्यंत."

आप्पांनी लाकडी डोकं पायानं बाजूला सारलं. "हे नको. लाकूड काय 'सैल झालं', 'आवळलं' म्हणत न्हाई. जितं डोस्कं पायजे."

"मॅडमचं घ्या की," सुलाबाई म्हणाल्या. "चांगलं मोठं हाय." आणि जीभ चावली. शर्वीनं तोंड फिरवलं. पोरगी हसत होती.

झालं. मी पाटावर बसले, तोंड दाराकडं. मागं आप्पा उभे, त्यांच्या डाव्या अंगाला शर्वी. बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की परीक्षक मी, आणि मला यातलं काहीच दिसणार नाही. आप्पांचे हात दिसणार नाहीत, शर्वीचेही नाहीत. वळून बघावं तर फेटा सुटणार.

कापड डोक्याला टेकलं. पहिला वेढा आला आणि कपाळापाशी बोटं टेकली. उजव्या हाताची, भक्कम. दुसरा वेढा आला. आता डाव्यानं दाबायला हवं होतं. कापड ताणलेलं तसंच राहिलं. माझ्या कानाजवळ आप्पांचा श्वास ऐकू येत होता, जोरजोरात. मी मनात मोजायला लागले. पाच. आठ. अकरा. कापड सैल व्हायला लागलं, माझ्या भुवईवर घसरलं. माझा उजवा हात मांडीवरून उठला. मला खरंच तो आवरेना. वर उचलून नुसतं एक बोट लावलं असतं तर सगळं जागेवर आलं असतं, आणि शर्वी पास झाली असती.

"मॅडम, हात खाली," मागून शर्वीचा आवाज आला. शांत, अगदी हळू. "त्यांचं चाललंय."

मी हात खाली घेतला आणि पाटाची कड घट्ट धरली. माझ्या शिष्येनं मला दटावलं होतं आणि मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. सतरापर्यंत मोजलं. मग कपाळाच्या डाव्या बाजूला काहीतरी टेकलं. आधी एक बोट, चाचपडत, मग दुसरं, मग तळव्याची कड. कमजोर होती, गरम होती आणि घामानं ओली होती. पण दाबत होती.

"धरलं," आप्पा म्हणाले. "सुले, धरलं बघ. म्या धरलं."

पुरा फेटा व्हायला पाऊण तास लागला. पूर्वी ते तीन मिनिटांत बांधायचे. शर्वीनं सगळ्यात मिळून दोनदा हात लावला, हे मला सुलाबाईंनी सांगितलं. दोन्ही वेळा आप्पांनीच "आता धर गं" म्हटल्यावर. फेटा एका अंगाला कलला होता आणि तुरा कानावर आला होता. आप्पांनी समोर येऊन तो न्याहाळला, नाक मुरडलं. "बेकार झालाय," म्हणाले. "उद्या परत बांधतो." मला त्यांच्या तोंडचा तो 'उद्या' फार आवडला.

मी तिथंच, ट्रंकेवर अर्ज ठेवून सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'साथीला ज्या हातांनी शिकवलं त्या हातांना अर्ध्या सेकंदाची घाई आहे. ते हात माझे आहेत.' शर्वीनं खांद्यावरून वाचलं.

"मॅडम, नुसतं यंत्रात बिघाड लिहिलंत तरी चालेल. तुमचं नाव कशाला?"

"बिघाड नाहीये. मी शिकवलं तसंच ते वागतंय. तू गप्प बस आणि गारगोटीची बॅग भर. त्या सात जणांच्या घरी आधी जा, पट्टी नंतर बांध."

ती वाकून पाया पडायला लागली तर मी तिला वरच्या वर धरलं. ही एक मदत वेळेत केलेली चालते. सुलाबाईंची मी तिथंच माफी मागितली. त्यांनी "असूंदे" म्हटलं आणि मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

रुग्णालयात आले ती थेट संचालक पत्की सरांच्या खोलीत गेले. त्यांनी मान वर केली आणि बघतच राहिले.

"कुणाचं लग्न आहे, मॅडम?"

तेव्हा लक्षात आलं, डोक्यावर फेटा तसाच होता. सगळं कोल्हापूर मला तशी बघत असणार. असो. "लग्न नाही सर, तक्रार आहे," मी म्हटलं. "माझ्याविरुद्ध."

त्यांनी अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. भला माणूस आहे. म्हणाले, "दोन वर्षांत तुम्ही निवृत्त होताय. हे तेव्हा नाही का देता येणार? सगळे मोजे परत मागवावे लागतील. सहा वर्षांत किती पेशंट झालेत, कल्पना आहे का तुम्हाला?"

"आहे. तीन हजार एकशे बारा. यादी मागं जोडलीय. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी जायला हवं, मोजा न घेता. हात अजून येऊ शकतात, सर. सगळ्यांचे नाही, पण पुष्कळांचे येतील. आपल्या जिल्ह्यातले दोनशे सहा आहेत, ते माझ्याकडे."

"एकटीकडे? कधीपासून?"

"आजपासून. जेवून निघते."

यादीतलं पहिलं नाव कागलचं होतं, एक शाळेतल्या बाई, उजवा हात. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला मी याच मजल्यावर सगळ्यांसमोर झापलं होतं, की तुम्ही बायकोचे लाड करता म्हणून त्यांचा हात सुधारत नाही. तो माणूस हात जोडून म्हणत होता, "नाही हो मॅडम, मी काहीच करत नाही." दुपारी दीडच्या एसटीनं मी कागलला उतरले, पत्ता विचारत गेले. दार बाईंच्या यजमानांनीच उघडलं. मला त्यांनी ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मी आज त्यांचा हात बघायला आलेय," मी म्हटलं, "पण त्याआधी तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही तेव्हा खरं सांगत होता."

ते खूप वेळ दाराची कडी धरून उभे राहिले. मी उंबऱ्याबाहेर थांबले.